शिव्यांचा बांध

अहो चौगुलेकाका, तो चिवडा आत ठेवा आणि इकडे या, हात मोकळे लागणार आहेत! हा समोर दिसतोय तो नदीचा बांध. तीन पुरुष उंच, आणि मधोमध काळ्या शिळेचं नुसतं टोक वर आलंय बघा. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या शिळेला शिवी हासडतो आणि मूठभर ओली माती मारतो. बारा वर्षं मी चीनला सहली आणतेय, पण ही गोष्ट सांगायची म्हटली की अजून अंगावर काटा येतो. मी सांगलीची ना, पूर म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको.

फार पूर्वी म्हणे इथं शांग नावाचा सरदार राज्य करायचा. नव्या सम्राटानं त्याच्यावर फौज आणली, आणि नेमकी त्याच वेळी नदी फुगली. बांध फुटला, अर्धं गाव वाहून गेलं, शांगही गेला. सम्राट जिंकला. आता जिंकलेल्यानं हरलेल्याचा इतिहास लिहवून घ्यायचा, ही इथली जुनी रीत. हरलेला म्हणजे दारुडा, क्रूर, देवानं टाकलेला, असंच लिहायचं. नाहीतर त्याला हरवणारा थोर कसा ठरणार? फान नावाच्या दरबारी इतिहासकाराला हुकूम झाला, बांध शांगनंच फोडला असं लिही.

शांगची म्हातारी आई जिवंत होती. गावानं तिला वाळीत टाकलेलं, लेकाच्या नावानं दिवासुद्धा लावू देईनात. ती फानच्या दारात जाऊन बसली. म्हणाली, "बाबा, त्याला दारुडा म्हण, राक्षस म्हण. पण माझ्या पोरानं बांध फोडला नाही रे. एवढं एक वाक्य लिही."

खरं काय ते फानला ठाऊक होतं. त्या दिवशी बांधावर असलेला एक माणूस वाचला होता, आणि मरायच्या आधी त्यानं फानला सगळं सांगितलं होतं. पण ते वाक्य लिहिलं की मान उडणार! फाननं शांगचं प्रकरण हुकुमाबरहुकूम लिहिलं. मंत्र्यांनी वाचलं, खूश झाले. बांधावर शांगच्या नावाची शिळा रोवली आणि फर्मान काढलं, जाणाऱ्या प्रत्येकानं शिवी देऊन चिखल मारायचा. म्हातारी फानच्या तोंडावर थुंकली. तोंड पुसून तो पुढची प्रकरणं लिहायला बसला.

मग ग्रंथाचं गावात जाहीर वाचन झालं. शांगचं प्रकरण संपलं, लोकांनी हुर्यो केली, मंत्री उठून जेवायला गेले. पुढची प्रकरणं किरकोळ माणसांची, ती कोण ऐकतंय! फान मात्र वाचत राहिला. एका नावाड्याचं प्रकरण आलं. त्यात लिहिलं होतं, 'पुराच्या दिवशी या नावाड्यानं बांधावर एकाला पाणी पाजलं. सगळे पळाले तरी तो माणूस छातीभर पाण्यात उभा राहून भगदाडात माती लोटत होता, वाहून जाईपर्यंत. त्याच्या डाव्या हाताला सहा बोटं होती.'

सहा बोटं! अहो, गावात सहा बोटांचा माणूस एकच होता! मग जी काय धावपळ उडाली! बायाबापड्या, पोरंटोरं, सगळे म्हातारीच्या झोपडीकडे सुटले. तिला खांद्यावर बसवून बांधावर आणलं आणि रडत-ओरडत शिळा उपटायला लागले.

"खबरदार!" म्हातारी कडाडली. "शिळा हलली तर त्या लिहिणाऱ्याचं मुंडकं जाईल." तिनं दोन्ही हातांनी चिखल उचलला, शिळेवर थापला आणि खणखणीत ओरडली, "मेल्या, काम अर्धं टाकून गेलास!"

झालं! साऱ्या गावाला उमगलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लोकांनी शिव्या देत देत टोपल्यांनी माती ओतली. मंत्र्यांना वाटलं, वा, काय राजनिष्ठा आहे! दरबारातून शाबासकीसुद्धा आली म्हणे.

आजही पावसाच्या आधी सगळं गाव टोपल्या घेऊन येतं. ज्याला जी सुचेल ती शिवी तो देतो, पण शेवटी सगळे मिळून म्हातारीचेच शब्द ओरडतात. त्यानंतर नदी गावात कधी शिरली नाही, असं सांगतात. घ्या चौगुलेकाका, मूठभर माती घ्या. आणि शिवी मोठ्यानं द्या हं, लाजू नका. पार खाली आहे तो, त्याला ऐकू गेली पाहिजे.