बाबरसाहेबांचा होकार

इचलकरंजीच्या दातांच्या डॉक्टर मृदुला आवटी एका प्लॉट विकणाऱ्या कंपनीच्या फोनमुळे वैतागल्या होत्या. दिवसातून चार-पाच वेळा, कधी स्कीम तर कधी सर्व्हे. एकदा तर दचकून त्यांचा हात हलला आणि पेशंटची हिरडी दुखावली.

एके सकाळी त्याच कंपनीचे मालक रणधीर बाबर कवळीचं माप द्यायला आले. डॉक्टर म्हणाल्या, "साहेब, माझा नंबर तेवढा यादीतून काढा."

बाबर खुर्चीत ऐसपैस रेलले. "मॅडम, आम्ही रोज हजार लोकांना फोन करतो. एकेकाचं ऐकत बसलो तर धंदा कधी करायचा?"

डॉक्टरांनी मापाचा लगदा भरलेला साचा त्यांच्या तोंडात दाबून बसवला. "आता पाच मिनिटं बोलायचं नाही. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून."

तेवढ्यात फोन वाजला. "मॅडम, छोटासा सर्व्हे होता..."

डॉक्टरांनी स्पीकर लावला. "थांबा हं, तुमचे बाबरसाहेब इथेच आहेत. काय साहेब, माझा नंबर यादीतून काढायचा ना? नको असेल तर स्पष्ट सांगा."

बाबर हातवारे करत ओरडले, "अंऽ! अंहंऽ! हंऽ!"

"ऐकलंत?"

"हो मॅडम, साहेबांचाच आवाज. लगेच काढते."

साचा निघताच बाबर उसळले, "मी कुठे हो म्हटलं होतं?"

चूळ भरायला पाण्याचा पेला पुढे करत डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या फोनना मी तरी कधी हो म्हटलं होतं, साहेब?"