शंभर दगडांचा घाट

एकदा एका नगरीत एक वृद्ध स्थपती राहत असत. घरचे कोणी उरले नव्हते. होता तो एक शिष्य, केरोबा. दिवसभरात त्यांच्याशी दोन शब्द बोलायला तेवढाच यायचा.

नगरीचा नियम असा, की नवे घर बांधणाऱ्याने आधी तळ्याच्या घाटासाठी शंभर घडीव दगड द्यावेत. घर दोन खोल्यांचे असो वा दोन मजल्यांचे, दगड शंभरच. नियम याच वृद्धांनी सुचवलेला. घाट देखणा झाला, यात शंका नाही.

केरोबाचे लग्न ठरले. चार वर्षे खपून त्याने दोन खोल्यांपुरते एकशेवीस दगड घडवले होते. शंभर दिल्यावर उरणार वीस. वीस दगडांत माणूस काय बांधणार, डोंबल? एका व्यापाऱ्याने मात्र शंभर दगड हसत दिले आणि हवेली उठवली. म्हणाला, "द्यायचे तेवढेच, तर लहान घर कोण बांधील? माझे दगड भाडेकरू फेडतील."

केरोबा निरोप घ्यायला आला. "गुरुजी, नदीपलीकडे जातो. तिकडे घर होईल."

वृद्धांनी त्याला बरोबर घेतले. पहार घेऊन घाटावर गेले आणि वरच्या पायरीचा दगड उचकटू लागले.

"गुरुजी, हे काय करताय? तुमच्या जन्माचं काम आहे हे."

"बघ, घाटावर कोण आहे?"

कोणीच नव्हते.

"धुणं घेऊन येणारी माणसं सगळी नदीपलीकडे गेली. घाट हवाच होता, बाबा. माझं चुकलं ते मागण्यात. घराच्या मापानं मागायचं होतं, तेही माणूस घरात राहायला गेल्यावर. आता तूही चाललास. मला इथं करमणार नाही."

तो दगड त्यांनी नगरसभेपुढे नेऊन ठेवला आणि चूक कबूल केली. सभा म्हणाली, विचार करू. विचाराला दोन वर्षे लागली.

नियम बदलताच वृद्धांनी निरोप धाडला, "आता ये. दोन खोल्यांना आठ दगड पुरे, तेही सवडीनं."

उत्तर आले, "गुरुजी, इथं घर झालं, मुलगी झाली. तुमच्यासाठी ओसरी राखलीय. तुम्हीच या."

वृद्धांनी कळवले, "येईन. पण इथं एक तरी लहान घर उभं राहिलेलं बघून."

अजूनही ते रोज सकाळी त्या रिकाम्या घाटावर जाऊन बसतात आणि कुठे धुणे आपटल्याचा आवाज येतो का, ते ऐकतात.