माळवतीच्या बांधावरची फौज

एका राज्यात राणी होती, माळवती नावाची. स्वतः नांगर धरायची आणि तोऱ्यात राहायची. का राहू नये? तिचे भोपळे लादले की गाडीचा आस मोडे!

एके दिवशी कालकेतू जादूगार सोन्याचा नांगर घेऊन आला. म्हणाला, "राणीसाहेब, बांधावर बोरी, तरवड, गवत, नुसता पसारा. हा नांगर फिरवा. तेवढीच जमीन वाढेल."

बांध कोरायची खोड त्या राज्यात साऱ्यांनाच. शेजारी शेजाऱ्याचा वीतभर बांध खायचा. राणीने तर त्या सोन्याच्या नांगराने सगळेच खाल्ले. त्या बांधांवर राहणाऱ्या मधमाश्या, भुंगे, गांधीलमाश्या, मावा खाणारे ठिपकेवाले ढालकिडे बेघर झाले आणि दूरच्या रानात निघून गेले.

पावसाळ्यात भोपळ्याला फूल येई आणि गळे. चवळीवर मावा असा बसला की शेंडा दिसेना.

कालकेतू दारात हसत उभा. "शाप आहे या नांगराला. दसऱ्यापर्यंत एक फळ धरलं नाही, तर गादी माझी."

गोठ्याच्या आढ्यावरून भारद्वाज पक्षी बोलला, "राणी, चूक तुझी. आता तीन कामं कर. नांगर डोहात बुडव. बांध घाल आणि त्यावर उगवेल ते उगवू दे. मग रानातून गांधीलमाश्यांच्या राणीला घेऊन ये. तिच्यामागं बाकीचे येतील."

"एवढंच?"

"एवढंच जड जाईल."

नांगर बुडाला, डोहाचं पाणी पिवळं झालं. मग राणीने आपल्याच काळ्याभोर मळ्यातून बांध घातले. गवत माजलं, रानतुळस फुलली. तशी माणसं विळे घेऊन धावली. कारभारी सुबानराव म्हणाला, "दसरा तोंडावर आला, राणीसाहेब. हा उकिरडा पाहुण्यांना दाखवायचा?"

"ज्याला खुपतो त्यानं डोळे मिटून जेवायला यावं. विळा लावायचाच तर आधी माझ्या वेणीला लावा!"

विळे खाली गेले.

राणी रानात पोचली. गांधीलमाश्यांच्या राणीने विचारलं, "आमची पोरं कुठं निजतील?"

"वाळल्या काटक्यांत, पोकळ बोरूत, उघड्या मातीत. कुणी झाडणार नाही."

"तोंडानं कुणीही बोलतं. आम्ही तुझ्या तोंडावरच बसतो. हात उगारलास की परत फिरू."

सारा थवा बसला. ओठांवर, पापण्यांवर. माळवती तशीच चालत निघाली. दोन्ही हात मागं बांधलेले, मान ताठ. वेशीवर लोक बाजूला झाले. थवा बांधावर उतरला, मागून मधमाश्यांचा ढग आला आणि भोपळ्याच्या फुलांत शिरला.

दसऱ्याला कालकेतू मळ्यात आला. सुकल्या फुलाखाली बोटाएवढं फळ लोंबत होतं.

"हे गळणार," तो म्हणाला.

"ओढून बघा की," राणी म्हणाली.

त्याने ओढलं. फळ हललं नाही. शाप उलटला आणि कालकेतूच आकसू लागला. आधी पोराएवढा, मग बोटाएवढा, शेवटी हिरवा मावा होऊन पानावर चिकटला. ढालकिडा आला, त्याने तो खाल्ला आणि पुढच्या पानावर गेला.

शाप सुटला. गादी राहिली. बांध मोडणाऱ्याला माळवतीच्या राज्यात उभं करीत नसत. शेजारचे राजे नाकं मुरडून विचारत, "तुमच्या शेताच्या कडा अशा झिंज्या सोडलेल्या का?"

माळवती छाती काढून सांगे, "तिथं माझी फौज राहते."