चौथा खांदा

निवांत महाराजांचा मुक्काम त्या वर्षी खडकउंबऱ्याला होता. घाटमाथ्यावरचं हे गाव. देऊळ मोठं, उत्सव मोठा, दवाखाना मात्र घाट उतरून खाली पेठेच्या गावी. मधे खिंड, आणि त्या वाटेनं बैलगाडीसुद्धा जात नसे. गावच्या बायका बाळंत व्हायच्या त्या सुईणीच्या हाती. तिच्या हाताबाहेर गेलं की बांबूला घोंगडी बांधायची, बाईला त्या झोळीत घालायचं आणि पळत सुटायचं. सगळ्या झोळ्या वेळेत खाली पोचल्या असं मी सांगणार नाही. देवाच्या दारात बसून खोटं कशाला बोला?

महाराजांचा एक भक्त होता, लहानू पारधी. पलीकडच्या पाड्यावर राहायचा, देवळात लाकडं फोडून द्यायचा. त्याचं पहिलं मूल त्याच खिंडीत, झोळीतच गेलं होतं. पण देवाला त्यानं कधी बोल लावला नाही. त्याची इच्छा एकच, उत्सवात महाराजांच्या पालखीला एकदा खांदा द्यावा.

पालखी होती दाजीसाहेब इनामदारांनी करवून दिलेली. सागवानी, दोन लांब दांड्यांची, आत लाल मखमल. खांदे चारच लागत, आणि ते चारी इनामदारांच्या भाऊबंदांचे.

लहानूनं विचारलं की दाजीसाहेब हसायचे. "लहानू, तुझ्या खांद्यावर मोळी शोभते रे बाबा. पालखीला सात पिढ्यांचे खांदे लागतात." मग भाऊबंदही हसायचे, आणि हा भोळा त्यांच्याबरोबर आपणही हसून घ्यायचा.

पालखीचा एक नेम होता. एकदा उचलली की प्रदक्षिणा पुरी होईपर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही.

उत्सवाचा दिवस उजाडला. महाराज पालखीत बसले. त्यांना ते आवडत नसे, पण भक्तांचा हट्ट मोडवत नसे. पालखी वेशीपाशी आली आणि समोरून लहानू नि त्याचा भाऊ बाळकू झोळी घेऊन आले. झोळीत लहानूची बायको हौशी. घोंगडी मधोमध फाटत चालली होती.

"महाराज, कालपासनं अडलीया," लहानू म्हणाला. "सुईण म्हनती बाळ आडवं हाय, खाली न्या. ही झोळी काय खिंडीपत्तर बी टिकत न्हाई." आणि तो बापडा रडायलाच लागला.

महाराजांनी पालखीतून सरळ खाली उडी मारली. "तिला आत घाला."

दाजीसाहेब आडवे आले. "महाराज, ही देवाची पालखी. बाळंतिणीचा विटाळ चालेल का हिला?"

"दाजी, तू काय आभाळातून पडलास?" महाराज म्हणाले. "तुझ्याही आईला हाच विटाळ झाला होता."

"पण पालखी खाली टेकवायची नाही. नेम आहे."

"नेम मोडतंय कोण? आजची प्रदक्षिणा दवाखान्याच्या ओसरीवर पुरी होईल. तोवर टेकवायची नाही."

भाऊबंदांनी पालखी कमरेपर्यंत खाली घेतली, हौशीला आत ठेवलं. मग मात्र दाजीसाहेबांनी डोळे वटारले, तसे ते एकेक करून बाजूला सरू लागले. गावातल्या बाकीच्यांनी जमिनीकडे पाहिलं. इनामदाराशी वाकडं कोण घेणार?

त्यांच्या जागी एका दांड्याला पुढे लहानू, मागे बाळकू. दुसऱ्याला पुढे साठी उलटलेले महाराज. मागचं टोक रिकामं.

"तीन खांद्यांवर पालखी?" दाजीसाहेब म्हणाले. "खिंडीत पहिल्याच वळणावर बाई दरीत जाईल."

"चौथ्याचं चौथा बघेल," महाराज म्हणाले. "चल रे लहानू."

आणि पालखी चालू लागली. रिकामं टोक ना खाली झुकलं ना डुललं.

आपल्या पालखीचे तुकडे होणार म्हणून दाजीसाहेब मागोमाग निघाले. खिंडीतला उतार आला. पायाखालचे दगड सुटत होते, हौशीचं कण्हणं आता थांबत थांबत येत होतं. पण पालखी आपली सरळ. दाजीसाहेबांना ते बघवेना. काहीतरी करामत असणार, असं म्हणत ते पुढे झाले आणि त्यांनी रिकाम्या दांड्याखाली आपला खांदा घातला.

तिथं आधीच एक खांदा होता.

दिसत काही नव्हतं. पण घामानं भिजलेला, ऊन ऊन, दमलेल्या माणसाचा खांदा त्यांच्या खांद्याला घासत होता. दाजीसाहेबांना पळून जावंसं वाटलं, पण खांदा काढवेना. उतार संपेपर्यंत ते त्याच्या शेजारी चालले.

दवाखान्याच्या ओसरीवर पालखी टेकली. डॉक्टरीणबाईंनी हौशीला आत नेलं. बऱ्याच वेळानं आतून रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती, आणि आई वाचली होती.

"आणखी उशीर झाला असता तर माझ्या हाती काही उरलं नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दाजीसाहेब महाराजांजवळ गेले. "महाराज, तिथं कोण होतं?"

"मी पुढे होतो बाबा. मागचं मला काय दिसणार?"

"माझं चुकलं, महाराज. पालखीला नवी मखमल घालतो, चांदी मढवतो."

"मखमल राहू दे. देवानं रोज येऊन झोळ्याच उचलायच्या का? तुझी गावातली ती कचेरी वर्षभर कुलपात असते. तिथं शिकलेली नर्सबाई आणून बसव. ती येईपर्यंत पालखी बायकांसाठी देवळात उघडी राहील, आणि मी काही तीत बसायचा नाही."

दाजीसाहेब हो म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी पाळला. आमच्या गावची निम्मी लेकरं त्या कचेरीत जन्मली आहेत. त्यातलाच मीही एक.

त्या दिवशी हो म्हणून दाजीसाहेब महाराजांच्या पायांवर वाकायला गेले, तर महाराजांनी पाय मागे घेतले. "इथं नाही," ते म्हणाले आणि त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं.

दाजीसाहेबांनी पगडी काढली. डॉक्टरीणबाईंना विचारून ते आत गेले, खाटेशी वाकले. लाजेनं हौशी पाय आखडून घ्यायला गेली, पण तेवढंही बळ तिच्यात उरलं नव्हतं. इनामदाराचं डोकं तिच्या पायांवर टेकलं, आणि तिनं ते टेकू दिलं.