भुरीची दुसरी घंटा

त्या नगरात धान्य भरपूर होते, म्हणून उंदीरही भरपूर होते, आणि म्हणून पहारेकरी लागत.

नगर कोणी वसवले हे कुणाला आठवत नव्हते, पण वसवणाऱ्याने घालून दिलेला एक नियम सर्वांना पाठ होता. पहारेकऱ्याची निवड तोंड पाहून होता कामा नये. कोण कुणाचा भाचा, कुणाची शेपूट किती झुबकेदार, हे निवडणाऱ्यांना दिसूच नये. म्हणून भरतीच्या दिवशी मैदानावर सागाची वाळलेली पाने पसरत आणि पलीकडच्या टोकाला मुख्य एडका, कासव आणि एक वयस्क बदक असे तिघे परीक्षक डोळे मिटून बसत. उमेदवाराने पानांवरून चालत त्यांच्यापर्यंत यायचे. पान वाजले की घरी जायचे. नियमाचा मान म्हणून जमलेले नगरजनही डोळे मिटून घेत.

त्या वर्षी मोर आला. त्याची पावले हलकी होती, पण मागून येणारा पिसारा सगळे मैदान झाडत आला. गाढवाने तर पाने वाजू नयेत म्हणून ती खायलाच सुरुवात केली आणि ते चावण्याच्या आवाजावर बाद झाले. मग भुरीचे नाव पुकारले गेले. भुरी ही मुंगसाची लेक. बराच वेळ गेला, काहीच ऐकू आले नाही. शेवटी एडका वैतागला आणि म्हणाला, ही आलेली दिसत नाही, पुढच्याला बोलवा.

"आलेय की, साहेब," भुरी म्हणाली. आवाज अगदी त्याच्या नाकाखालून आला.

तिघांनी डोळे उघडले. भुरी पुढ्यात बसली होती आणि तिच्या मागे एकही पान जागचे हलले नव्हते. बदकाचे डोळे भरून आले. अशी उमेदवार तिने आयुष्यात ऐकली नव्हती.

भुरीला नोकरीची गरज होती. तिची तीन पिल्ले धोबीघाटाखालच्या बिळात राहत. रोज सकाळी घाटावर धुणी सुरू झाली की साबणाचे पाणी बिळात शिरे. थोरली दोघे त्यात खेळत, पण धाकटा खोकत राही. पहाऱ्याच्या चौकीमागे उंचावर कोरडी, उन्हाची बिळे होती. ती पहारेकऱ्यांसाठीच राखलेली होती. मात्र ज्याच्या गळ्यात दोन घंटा, त्यालाच.

घंटांचा नियम पुढच्या काळातला. निवडून आलेले पहारेकरी इतके हळू चालत की नगरजनांना शंका येऊ लागली. पहारा होतो कशावरून? कबुतरांनी तक्रार केली, कोंबड्यांनी ती उचलून धरली. मग असे ठरले की जो पहारेकरी चोर पकडेल, त्याच्या गळ्यात पितळेची घंटा बांधायची. मान त्याचा होईल आणि खात्री नगराची. दुसऱ्या घंटेसाठी दुसरा चोर पकडायचा आणि वार्षिक पाहणीत आपली घंटा ठेक्यात वाजवत परीक्षकांसमोरून जायचे. पाहणीलाही अर्थातच सगळ्यांचे डोळे मिटलेलेच असत.

पहिली घंटा भुरीला लवकरच मिळाली. भर दुपारी सारे नगर वामकुक्षी घेत असताना तिने कोठारात एक उंदीर धरला आणि कोंडवाड्यात नेऊन टाकला. एडक्याने भाषण केले, घंटा बांधली. पिल्लांनी ती दिवसभर वाजवून वाजवून शेजाऱ्यांचे कान किटवले.

त्यानंतर मात्र भुरीला उंदीर दिसेनासे झाले. घंटा ऐकू आली की ते बिळात जात, दूर गेली की बाहेर येत. नगरजन फार समाधानी होते. घंटेचा आवाज आला की ते कूस बदलत आणि आणखी गाढ झोपत. दंताजी नावाचा एक पोक्त उंदीर तर कोठाराच्या भोकातून नाक बाहेर काढून तिची आस्थेने चौकशी करी.

"आज उशीर झाला, भुरीबाई?" तो म्हणे. "तुम्ही जाईपर्यंत आमचं जेवण खोळंबतं."

भुरीने राणोजी हवालदाराला गाठले. राणोजी हा म्हातारा कुत्रा. त्याच्या गळ्यात चार घंटा होत्या आणि तो वळला तरी तीन गल्ल्यांना कळे. सगळे त्याला मामा म्हणत.

"मामा, घंटा बांधून तुम्ही उंदीर पकडलात तरी कसे?"

राणोजी आधी हसला, मग इकडेतिकडे पाहून बसता झाला. त्यातही घंटा वाजल्याच. त्याने सांगितले की खरा उंदीर त्याने एकदाच पकडला होता, तरुणपणी. पुढचे सारे दंताजीच्या कृपेने. पाहणीच्या आधी दंताजी सापडायचा आणि संध्याकाळी कोंडवाड्याच्या मागच्या फटीतून घरी जायचा. मोबदल्यात राणोजी आठवडाभर कोठाराची बाजू सोडून फिरायचा.

"वय झालंय त्याचं," राणोजी म्हणाला, "पण पकडून घेण्यात अजून पटाईत आहे. माझ्या पुढच्या तिन्ही घंटा त्याच्याच. तू बोल त्याच्याशी, माझं नाव सांग. पोराचा खोकला महत्त्वाचा की हे सोवळं?"

भुरीला राग आला नाही. मामा मनाने वाईट नव्हते, आणि खोकल्याचे ते बोलले ते खरेच होते. ती विचार करत घरी आली आणि घंटा उतरवून पिल्लांपुढे ठेवली. तिघांची ओढाओढ झाली आणि घंटा त्यांच्या अंथरुणात पडली. अंथरूण सावरीच्या कापसाचे होते. पिल्लांनी घंटा उचलून हलवली, पुन्हा हलवली. ती काही वाजेना. धाकटा रडायला लागला की घंटा मेली.

भुरीने घंटेत डोकावून पाहिले. आतला लोलक कापसात गुरफटून गप्प बसला होता.

चार दिवसांत तिने दुसरा उंदीर पकडला. तो तरुण होता आणि कोंडवाड्यात जाईपर्यंत तक्रार करत होता की घंटा न वाजवता अंगावर येणे हे सभ्यपणाला धरून नाही. अर्धी लढाई झाली. उरली पाहणी. त्या दिवशी कापूस काढायचा, मैदान ठेक्यात पार करायचे, की संध्याकाळी पिल्ले कोरड्या बिळात.

पाहणीच्या दुपारी सगळे पहारेकरी मैदानावर जमले. भुरीही निघाली. मैदान कोठाराला लागूनच होते. ती कोठाराशी आली आणि आत कुरतडण्याचा आवाज तिच्या कानावर पडला. दंताजीने नगरातल्या सगळ्या घंटा मैदानावर गोळा झालेल्या ऐकल्या होत्या आणि तो निर्धास्तपणे जेवायला बसला होता. भुरीच्या घंटेत कापूस अजून तसाच होता. पुढचा घास त्याच्या तोंडात जाण्याआधी तो स्वतःच तिच्या तोंडात गेला.

तेवढ्यात तिचे नाव पुकारले गेले. ती तशीच धावत मैदानावर आली आणि परीक्षकांसमोर उभी राहिली. तिघांचे डोळे मिटलेले. साऱ्या नगराचे डोळे मिटलेले.

"भुरी," एडक्याने पुन्हा पुकारले. "घंटा ऐकू येत नाही. हजर आहे का?"

भुरीचे तोंड भरलेले होते.

"सांगून टाका, बाई," दंताजी तिच्या दातांमधून हलकेच म्हणाला. "हजर. एवढा एक शब्द तर आहे."

मैदानावर शांतता होती. त्या शांततेत पलीकडच्या धोबीघाटाकडून धाकट्याचा खोकला ऐकू आला. एकदा, मग थांबून पुन्हा.

"हजर," भुरी म्हणाली.

दंताजी खाली पडला, त्याने मिशा पुसल्या, आभार मानले आणि तो निघून गेला. परीक्षकांनी डोळे उघडले. त्यांना रिकाम्या तोंडाने उभी असलेली भुरी दिसली. एडक्याने तिची घंटा हलवून पाहिली आणि आतून कापसाचा बोळा ओढून काढला. तो रागावला नाही, खिन्न झाला. भुरी सांगू लागली की आत्ता तिच्या तोंडात उंदीर होता.

"कुठला उंदीर?" बदकाने विचारले. तिने खरोखरच काही ऐकले नव्हते.

कासव दयाळू होते. त्याच्या शब्दावरून भुरीला आठ दिवसांनी फेरपाहणी मिळाली. घंटेत कापूस नको, बोळा नको, काही नको. वाजली तर दुसरी घंटा, नाहीतर पहिलीही परत.

ते आठ दिवस भुरी घंटा वाजवत फिरली. कबुतरे म्हणाली, आता कशी सुधारली. दंताजीचे वजन वाढले. धाकट्याचा खोकला रात्रीही थांबेना.

फेरपाहणीच्या दिवशी वारा सुटला होता. भुरी मैदानाच्या कडेला, करंजाच्या झाडाखाली, आपल्या नावाची वाट पाहत उभी राहिली. मागेच कोठार. आणि आतून तोच आवाज येऊ लागला, या वेळी जरा जास्तच मोकळेपणाने. भुरीने मैदानाकडे पाहिले. घाटाकडे पाहिले. मग तिने मान खाली घातली आणि घंटेचा पट्टा डोक्यावरून काढला. करंजाची एक फांदी वाकून जमिनीलगत आली होती. त्या फांदीत पट्टा अडकवून ती आत शिरली. क्षणाचेच तर काम होते.

"भुरी," एडक्याने पुकारले आणि साऱ्यांनी डोळे मिटले.

वाऱ्याची झुळूक आली. फांदी हलली. घंटा आधी हळू वाजली, मग मोठ्याने, मग पुन्हा हळू, जणू कोणी डौलात जवळ येऊन समोरून पुढे जावे. कासवाने मान डोलावली. बदक ठेका धरून पंख हलवू लागली. इतकी शिस्त, ती म्हणाली, राणोजीच्या चालीतही नाही. राणोजीने डोळे मिटूनच मान्य केले.

एडका दुसरी घंटा घेऊन उठला. घंटा बांधतानाही तोंड पाहायचे नाही, असा नियम होता. तो आवाजाच्या रोखाने चालत करंजापाशी आला. त्याने नाकाने चाचपून पाहिले.

"मान सडपातळ आहे," तो समाधानाने म्हणाला, "पण ताठ आहे. बढती मिळाल्यावर मान अशीच हवी."

त्याने दुसरी घंटा फांदीत अडकवली.

भुरी तेव्हा कोठारातून बाहेर येऊन त्याच्या शेजारीच उभी होती. तिच्या तोंडात दंताजी होता.

"आता तरी बोला की, बाई," दंताजी कळवळून म्हणाला. "चूक होतेय त्यांची."

भुरीने दात आणखी थोडे घट्ट केले.

त्या संध्याकाळी पिल्ले चौकीमागच्या कोरड्या बिळात राहायला गेली. धाकटा उन्हात पसरून झोपला आणि आठवड्याभरात त्याचा खोकला गेला. कोंडवाड्याची मागची फट भुरीने स्वतः मातीने लिंपली. करंजावरच्या घंटा मात्र तिने कधीच उतरवल्या नाहीत. रोज दुपारी वारा सुटे, घंटा वाजत, कबुतरे कूस बदलत, आणि उंदीर आवाज ऐकून त्या बाजूला जाणे टाळत व दुसऱ्या बाजूने कोठारात शिरत. तिथे भुरी बसलेली असे.

वर्षामागून वर्षे पाहण्या होत गेल्या. तिसरी घंटा झाली, चौथी झाली. एडका थकला तेव्हा आपल्या जागी कुणाला नेमावे याचा त्याला फारसा विचार करावा लागला नाही. नगरातली सगळ्यात मोठी घंटा, जी आजवर त्याच्या स्वतःच्या गळ्यात होती, ती त्याने चाचपत चाचपत करंजाच्या फांदीत अडकवली. फांदी वजनाने लवली. साऱ्यांना तो विनय वाटला.

मैदानावर सगळे पहारेकरी रांगेत उभे राहिले आणि डोळे मिटून त्यांनी फांदीला सलामी दिली. त्यांच्या मागे भरतीसाठी पसरलेली सागाची पाने होती. त्या पानांवरून, तोंडात एक उंदीर धरून, भुरी कोंडवाड्याकडे चालली होती. एकही पान वाजले नाही.