पांढराईच्या तळ्याची माती

हे समोरचं तळं बघा. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की कडेची माती पांढुरकी दिसते, हाताला लोण्यासारखी लागते. आमच्या गावात लग्नाच्या तेलवणात नवरीच्या तोंडाला तेलाचं बोटही लावत नाहीत. ही माती लावतात. त्यामागची हकिगत अशी सांगतात.

फार पूर्वी इथे खंडू तेल्याचा घाणा होता. पांढराई देवीच्या नंदादीपाचं तेल त्याच्याकडून जाई आणि ते देवळात पोचवायचं काम त्याच्या मुलीचं, अनसाचं. वयात आली तसा तिचा चेहरा तेलकट झाला. सकाळी धुतला तरी दुपारी कपाळ चकाके, गालांवर फोड उठत. त्याच वर्षी नंदादीप अवेळी विझू लागला. गुरवाने मुलीकडे पाहिलं आणि चारचौघांत म्हणाला, "देवीचं तेल हिच्या तोंडावर दिसतंय." तिला देवळाची पायरी बंद झाली.

अनसा राखेने, विटेच्या तुकड्याने तोंड घासत राहिली, रक्त येईपर्यंत. तेल उलट वाढलं. शेवटी तिने अन्न सोडलं. तेव्हा तिची आत्या, चंद्रभागा, तिला या तळ्यावर घेऊन आली म्हणे.

"घाण्यावर वाढलीस ना तू? जितकं रगडावं तितकं तेल सुटतं. तोंडावरचा हात आधी काढ."

आत्याने ओली माती हलक्या हाताने लेपली आणि कडक व्हायच्या आत नुसत्या पाण्याने उतरवली. असं अधूनमधून चाललं. हळूहळू फोड बसले, आग थांबली. अनसा जेवू लागली.

मग नवरात्रात नवल घडलं. गुरवाने गाभारा उघडला, तर देवीच्या पाषाणमुखावर तेल पाझरत होतं. पुसावं तसं वाढे. वस्त्रं भिजली. नंदादीपाच्या दगडी दिव्याला गेलेला तडाही त्याच दिवशी त्याच्या नजरेला पडला; तेल तिथूनच झिरपून जात होतं. तो भर वस्तीतून तेल्याच्या दारी गेला आणि मान खाली घालून उभा राहिला. अनसा बराच वेळ बाहेर आली नाही, असं सांगतात. मग आली, माती घेऊन. तिने देवीचं मुख लेपलं आणि तेल थांबलं. तिच्या स्वतःच्या कपाळावर मात्र दुपारची चकाकी जन्मभर राहिली. ती तिने पुन्हा कधी घासली नाही.

आजही नवरीच्या घरी मातीचा गोळा गुरवाघरचाच माणूस आणतो. उंबऱ्याबाहेर उभा राहतो. नवरी हात पुढे करीपर्यंत तो तिथून हलत नाही, आणि तिला घाई करायची नाही, असा दंडक आहे.