काटे कोणावर उभे राहिले?

सागाच्या एका दाट रानात, ओढ्याकडे उतरणाऱ्या टेकाडाखाली, एक सायाळ राहत असे. तिच्याच बिळात एक खवल्या मांजरही राहत असे. आपण त्याला नुसते खवल्या म्हणू, कारण मांजराशी त्याचे काडीचेही नाते नव्हते आणि कोणी त्याला मांजर म्हटले की त्याला ते मुळीच आवडत नसे. सायाळीच्या पाठीवर लांबच लांब काटे होते. खवल्याच्या अंगावर डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत जाड खवले होते. बीळ दोघांनी मिळून केलेले. त्याने उकरायचे आणि तिने माती बाहेर लोटायची, असे ते काम चालले होते.

मुलांनो, या खवल्याला डोळ्यांनी फार कमी दिसे. म्हणून सांज झाली की सायाळ पुढे निघे आणि तो तिच्या मागे. चालताना तिच्या शेपटीचे काटे खुळखुळ वाजत, आणि त्या आवाजाच्या मागोमाग तो वारुळापर्यंत बिनधास्त जाई. तो वाळवी चाटून खाई, ती जवळपास कंद उकरी. परत आल्यावर खवल्या मागे असल्यामुळे बिळाच्या तोंडाशी वाळका पाला ओढून घेण्याचे काम त्याचे. दारात पाला पसरलेला असला म्हणजे कोणी आले तर आधी कळते, असे दोघांचे मत होते.

त्या वर्षी पानगळ जोरात झाली. एके दिवशी तिन्हीसांजेला एक बिबट्या बिळाच्या तोंडाशी आला. पाला करकरला. त्याने आत हुंगले, जरा वेळ तिथेच घुटमळला आणि निघून गेला. आत दोघेही जागच्या जागी थिजून बसले होते. पण दुसऱ्या दिवशी त्या विषयावर ना हिने चकार शब्द काढला, ना त्याने. जणू काही घडलेच नव्हते.

आणि तेव्हापासून घरात काय बिघडले ते कोणालाच कळेना. पाल्यात जरा खुट्ट झाले की सायाळीच्या पाठीवरचे काटे सरसरून उभे राहत, शेपटी खडखड वाजे आणि ती जमिनीवर पाय आपटू लागे. तो आवाज ऐकला की खवल्या लगेच नाक पोटात घालून अंगाचा घट्ट गोळा करी. त्याचे खवले एकमेकांवर घासून करकर वाजत, आणि ते ऐकून हिचे काटे आणखीच ताठ होत. मग सायाळ खेकसे, "आता तोंड लपवायला काय झालं? बोल की!" खवल्या काही बोलत नसे. स्वतःच्या पोटात तोंड खुपसून बसल्यावर कोणाला बोलता येते, तुम्हीच सांगा! पण सायाळीला वाटे, हा रुसला. आणि गोळ्याच्या आत खवल्याला वाटे, ही रोज माझ्यावरच का चिडते?

शेवटी एका संध्याकाळी गोळ्यातून बाहेर येऊन तो म्हणाला, "ताई, मी आपलं दुसरं बीळ बघतो. अमावास्येच्या आत जाईन."

"जा की," सायाळ म्हणाली.

हे शब्द आपल्या तोंडून कसे गेले ते तिचे तिलाच उमगले नाही. तिला म्हणायचे होते, जाऊ नकोस. हा डोळ्यांनी अधू. एकटा वारूळ कसे शोधणार? आणि आपण तरी त्या बिळात एकट्याने काय करणार? पण काटे होते तसेच ताठ उभे. त्यांना खाली बसवायला ती भिंतीला पाठ घासत राहिली.

आपले काटे सारखे का उठतात हे विचारायला दुसऱ्या दिवशी ती कोल्ह्याकडे गेली. सल्ला मागायला कोणी आले की कोल्ह्याचा चेहरा खुलतो. सायाळ जवळ येताच तो मात्र दोन पावले मागे सरला, कारण सायाळ काटे फेकून मारते असे त्याने कुठेतरी ऐकले होते. मुलांनो, हे साफ खोटे आहे. पण कोल्ह्याला समजावत कोण बसणार?

"तू मुळात रागीट," कोल्हा लांबूनच म्हणाला. "रानात सगळ्यांना ठाऊक आहे. राग गिळायला शीक. तोंड मिटून घे, डोळे मिटून घे, म्हणजे झालं."

सायाळीने घरी येऊन तोंड मिटले, डोळेही मिटले. इतक्यात बाहेर पाने वाजली. आता दिसतही नव्हते, त्यामुळे काटे पूर्वीपेक्षा जोरात उठले आणि त्यातला एक बिळाच्या छतात रुतून बसला. खवल्या गोळा होऊन कोपऱ्यात घरंगळत गेला.

मग तिने घोरपडीला विचारले. घोरपड उन्हात दगडावर पसरली होती. तिने एक डोळा उघडला आणि म्हणाली, "रागबिग काही नाही, बाई. हा तोरा आहे. काटे मिरवायचे असतात तुला." एवढे बोलून तिने तो डोळाही मिटला. परत येताना टिटवी भेटली. तिला कोणी विचारलेच नव्हते, तरी ती ओरडली, "दृष्ट लागली! दृष्ट लागली!" आणि अर्धा ओढा तिने तेच ओरडत पार केला.

सायाळीच्या डोक्याचा पार भुगा झाला. मी रागीट आहे, की गर्विष्ठ आहे, की मला काहीतरी बाधले आहे? रागीट असेन तर खवल्या दिसला की बरे का वाटते? गर्विष्ठ असेन तर अशी दारोदार विचारत का फिरते आहे? जो जे सांगेल ते तिला पटे, आणि घरी पोहोचेपर्यंत उलटेही पटू लागे. वाटेत ती ओढ्याच्या पाण्यात वाकून बघू लागली, तर पाण्यात काटे दिसले. काट्यांच्या आत काय आहे ते काही दिसेना. तिला रडू आले.

खवल्याचीही दशा निराळी नव्हती. तो घुम्या आहे असे त्याच घोरपडीने त्याला सांगून टाकले होते, आणि बिचारा आपण घुमे कधीपासून झालो याचा विचार करीत बसे.

अमावास्या जवळ आली. एका सकाळी खवल्या नवे बीळ बघायला हुंगत हुंगत पलीकडच्या उताराकडे निघाला. "जपून जा" एवढे म्हणायचे सायाळीच्या मनात होते. तेवढ्यात वाऱ्याने पाने उडवली, काटे उठले, आणि तो मुकाट्याने बाहेर पडला.

दुपारी ती एकटीच बिळात पडली होती. सगळे रान चिडीचूप. अचानक बिळाच्या तोंडाशी पाला करकरला. सायाळीचे काटे ताडकन उभे राहिले, शेपटी खडखडली, पाय आपटले गेले आणि ती गर्रकन वळून खेकसली, "आता काय आहे तुझं?"

समोर कोणीच नव्हते.

एक सरडा पाल्यातून निघाला आणि झाडावर चढून गेला. खवल्या तर केव्हाच गेला होता. सायाळ तशीच उभी राहिली. तिला आता मोठा प्रश्न पडला. मी चिडले, पण कोणावर? सरड्याने माझे काय वाकडे केले? रागवायला कोणीतरी समोर हवे ना? तिने बिळाचे कोपरे पाहिले. छतात रुतलेला स्वतःचा काटाही पाहिला. तिथे राग करण्याजोगे काहीही नव्हते, तरी छाती धडधडत होती, तोंडाला कोरड पडली होती आणि पाय लटपटत होते.

असे पूर्वी कधी झाले होते? बिबट्या तोंडाशी घुटमळला तेव्हा. अगदी असेच झाले होते.

"अगं बाई," सायाळ स्वतःशीच पुटपुटली, "मी तर भ्याले आहे!"

हे तिला आधी का कळले नाही म्हणाल, तर कारण साधे होते. एवढे काटे बाळगणाऱ्या प्राण्याला कधी भीती वाटत असेल, असे रानात कोणी धरूनच चालत नव्हते. सगळ्यांनी काटे पाहून राग म्हटले, आणि तिनेही तेच मानले. बिबट्या आला त्या दिवसापासून ती भीतच होती, रोज, प्रत्येक पानाला. भीती आहे हे कळल्यावर तिला लाजही वाटली आणि हायसेही वाटले.

सूर्य कलता झाला तेव्हा खवल्या परतला. पाल्यावर त्याचा पाय पडला. सायाळीचे काटे उठलेच. लगेच तो दारातच गोळा झाला. रोजच्यासारखे सगळे पुन्हा सुरू होणार होते.

पण या वेळी सायाळ खेकसली नाही. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. काटे अजून उभेच होते, म्हणून जरा अंतर राखूनच बसली.

"खवल्या," ती म्हणाली, "मी तुझ्यावर चिडलेली नाही. मी भ्याले."

गोळा किंचित सैल झाला. आतून दबका आवाज आला, "कशाला?"

"पानाला."

 सायाळीला वाटले, आता हा हसणार. उद्या कोल्ह्यापर्यंत बातमी जाणार. आपण बोललो तेच चुकले.

मग गोळ्याला एक फट पडली आणि फटीतून लांब नाक बाहेर आले. "मीपण," खवल्या म्हणाला. "बिबट्या आला होता ना, तेव्हापासून. आणि तू काटे वाजवलेस की मला वाटायचं, आता तूपण माझ्या अंगावर येणार."

"आणि मला वाटायचं, तू माझ्याकडे पाठ करून बसतोस."

"पाठ कुठली, ताई! पोट झाकतो मी. तेवढंच मऊ आहे माझं."

 एवढे दिवस एकाच बिळात राहून दोघे एकाच गोष्टीला भीत होते आणि एकमेकांना भिववीत होते. आणि सल्ला विचारायला ती कोल्ह्याकडे गेली होती!

"नवी जागा कशी आहे?" तिने शेवटी विचारले. 

"जागा चांगली आहे," खवल्या म्हणाला. "माती मऊ आहे, वारूळही जवळ आहे. पण तिथे खुळखुळ ऐकू येत नाही."

आता तुम्हाला वाटेल, त्यानंतर सायाळीचे काटे कधी उभे राहिले नाहीत. छे! पान वाजले की ते उठतच आणि खवल्याही गोळा होतच असे. अंगाच्या सवयी अशा एका दिवसात जात नाहीत. फरक एवढाच पडला, की ती आता खेकसण्याऐवजी विचारी, "काय ऐकलंस?" आणि गोळा जरासा सैल करून तो उत्तर देई, "पानच असावं." मग जरा वेळाने काटे खाली बसत, गोळा उलगडे आणि दोघे वारुळाकडे निघत. ती पुढे, तो मागे.

तात्पर्य : आपल्याला राग आला असे सगळे म्हणत असले, तरी आत भीती तर दडलेली नाही ना, हे आधी स्वतःला विचारावे, आणि ती सापडली, तर चार जणांना विचारत न फिरता ज्याला आपले काटे टोचतात त्याला पहिल्यांदा सांगावे.